कापसाच्या धुळींतलीं पोरें

(औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें कामगार व शेतमजूर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



बोलावयास उभा राहतांना माझ्या हातीं एक चिठ्ठी आली. तींत लिहिलें आहे कीं, भाषण आटोपतें घ्यावें, कारण पुष्कळ बायामाणसांना पहांटे कामावर जावयाचें आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याचें म्हणणें रास्त आहे. मला जो विषय दिला आहे तोच मुळीं पहांटे उठून कामावर जाण्याचा आहे. फरक इतकाच कीं, त्यांत उठणाराचें वय सात वर्षांचें आहे.

लागोपाठचीं तीन सालें घ्या. १८८० सालीं विलायतेंत पार्लमेंटनें कायदा केला कीं, पांच ते दहा वर्षांच्या प्रत्येक मुलानें शाळेंत गेलेंच पाहिजे. १८८१ सालीं त्याच राणीच्या नांवानें हिंदुस्थान सरकारनें कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्यांत असें ठरलें कीं, सात वर्षांच्या आंतील मूल कारखान्यांत घेऊं नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षां जास्त काम घेऊं नये. म्हणजे मँचेस्टरच्या सात वर्षांच्या पोराला पाटी, आणि परळच्या सात वर्षांच्या पोराला नऊ तासांची गिरणी! पुढच्याच वर्षीं, १८८२ च्या ऑक्टोबरांत, पुण्याचे जोतीराव फुले यांनीं हंटरसाहेबाच्या शिक्षण कमिशनापुढें आपलें निवेदन ठेवलें. त्यांत त्यांनीं मागितलें कीं, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी बहुजनांच्या मुलांचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा.

बारा हा आकडा दोन्ही ठिकाणीं आहे, हें ध्यानांत घ्या. सरकारच्या कागदांत बारा वर्षांपर्यंतचें मूल नऊ तासांच्या मजुरीचें आहे. जोतीरावांच्या कागदांत तेंच मूल शाळेचें आहे. एकाच लेंकरावर दोघांनीं हक्क सांगितला. त्या झगड्यांत लेंकरूं कोणाच्या वाट्यास गेलें, तें तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांना विचारा.

इंग्रज जातीनेंच दयाळू, आणि आपला शेटजी तेवढा निर्दय, असें मी म्हणत नाहीं. इंग्रजानें आपल्या गरिबांचीं पोरें आपल्याहून आधीं यंत्राला जुंपलीं होतीं. तेथें १८३३ सालीं कायदा झाला, तोंवर पुष्कळ लेंकरें लुळीं झालीं, पुष्कळ मेलीं. त्या कायद्यानें नऊ वर्षांच्या आंतील मुलांस कापडाच्या गिरणींत घेण्याची बंदी झाली, चार निरीक्षक नेमले गेले, आणि एक गोष्ट झाली जी मला सर्वांत मोठी वाटते: गिरणींतल्या मुलाला रोज दोन तास शाळेंत बसविलें पाहिजे, असें कलम त्यांत घातलें. कलम पाळलें किती, चुकविलें किती, तो भाग निराळा. पण कायदा करणाराच्या डोक्यांत गिरणी आणि शाळा हीं एकत्र आलीं होतीं. आमच्यासाठीं अठ्ठेचाळीस वर्षांनीं कायदा करतांना विलायतची नक्कल समोर होती. तींतून तास उचलले, कुंपण उचललें, तपासणी उचलली. शाळा तेवढी तिथेंच ठेवली! काळ्या कुणब्याच्या पोराला अक्षर कशाला, असें साहेबालाहि वाटलें आणि साहेबाच्या बाजूला बसलेल्या देशी शहाण्यांनाहि वाटलें. या एका बाबतींत दोघांचें मत पडलें.

आतां मुंबईच्या गिरणींत पोरें करीत काय, तें सांगतों. मुंबईची पहिली कापसाची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली. साच्यावर चाती फिरतात, त्यांवरच्या बाबिणी भरल्या कीं त्या उतरावयाच्या आणि रिकाम्या चढवावयाच्या. तुटलेला धागा पुन्हां जोडावयाचा. साच्याखालीं रांगत जाऊन कापसाचे पुंजके झाडावयाचे. हें काम पोरांचें, कारण त्यांचीं बोटें बारीक, अंग लहान आणि मजुरी त्याहून लहान. दिवा परवडत नसे तोंवर गिरणी सूर्याबरोबर चाले. उजाडलें कीं सुरू, अंधारलें कीं बंद. म्हणून उन्हाळ्यांत दिवस मोठा तसें कामहि मोठें. तेरा-चौदा तास भरत. कोरड्या हवेंत सूत तुटतें, म्हणून खिडक्या लावून आंत वाफ सोडीत. आठवड्याची सुट्टी नाहीं. साचे धुवावयास बंद ठेवले तर तीच विश्रांति, आणि ते धुवावयाचे कोणीं? त्याच मजुरांनीं.

या स्थितीची चौकशी करण्यास १८७५ सालीं मुंबई सरकारनें एक कमिशन बसविलें. त्यांत गिरणीवाल्यांचाच भरणा. त्यांनीं बहुमतानें ठरविलें कीं, कायद्याची गरज नाहीं! कुंपणानेंच शेत खाल्लें, दुसरें काय? त्यानंतर सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थानें १८७८ सालीं स्वतः बिलाचा मसुदा करून खटपट केली. तो ना आमच्या जातीचा, ना आमच्या वस्तींतला. पण त्याला ती पोरें दिसलीं. आपल्या पत्रांतून आपण शेटजींना बोल लावतों, म्हणून ज्या शेठानें हें केलें त्याचें नांव घेणें हें आपलें कर्तव्य आहे.

आणि तेव्हां देशाभिमानी म्हणविणारीं पत्रें काय लिहीत होतीं? बहुतेकांनीं कायद्याविरुद्ध काहूर उठविलें. म्हणे, हा मँचेस्टरचा कावा आहे. मुंबईचें सूत स्वस्त पडतें म्हणून लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटांत दुखतें, आणि दयेचें सोंग करून ते देशी धंदा बुडवूं पाहतात. हें खोटें होतें काय? मुळींच नाहीं. लँकेशायरचा स्वार्थ उघड होता. पण शेजारच्या चोरानें आग लागली म्हणून ओरड केली, तर आग खोटी ठरत नाहीं. ज्या संपादकांचीं मुलें नऊव्या वर्षीं संध्या आणि इंग्रजी पहिलें पुस्तक शिकत होतीं, त्यांना दुसऱ्याच्या मुलांनीं देशासाठीं नऊ तास साच्याखालीं रांगावें, यांत अवघड तें काय वाटणार? त्याग करावयाचा तो नेहमीं कुणब्या-महारानें, आणि त्यावर अग्रलेख लिहावयाचा तो दुसऱ्यानें, ही वांटणी फार जुनी आहे.

उलट बाजूनें एकच पत्र ठामपणें बोलत होतें, तें ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकरांनीं तें १८७७ सालीं पुण्यास काढलें, आणि १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेलें. लोखंडे हे ठाण्याचे, स्वतः एका गिरणींत कोठाराच्या कामावर होते. त्यामुळें त्यांना हें सारें ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होतें. त्यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत परळास मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज त्या वेळच्या कमिशनाकडे दिला. मागणी काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं, आणि कामावर जखमी झालेल्याला पोटापुरतें कांहीं. इतक्या साध्या गोष्टी! यांत सिंहासन कोठें मागितलें होतें? त्यांतली सुट्टी पदरांत पडावयास १८९० चा जून उजाडावा लागला. त्याच्या अगोदर एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार मजूर जमले होते, आणि त्या सभेंत दोन मजूरबायाहि बोलल्या. आज आपण रविवारीं घरीं असतों तो रविवार त्या सभेंतून आला आहे. गिरजाघरांतून नव्हे.

पण मुंबईची गोष्ट पुष्कळांनीं सांगितली आहे. मला आपल्या मुलखाची सांगावयाची आहे, जिची कोणी सभा भरविली नाहीं.

या शहरांत १८८९ सालीं सूत-कापडाची गिरणी उभी राहिली. सातशें माणसें तींत काम करीत. १९०० सालीं मनमाडहून गोदावरी खोऱ्याची आगगाडी आली, आणि तिच्या रुळांच्या कडेनें जिनें-प्रेसें उगवलीं. एकट्या जालन्यांत नऊ जिनिंग कारखाने आणि पांच प्रेस झाले. औरंगाबाद व कन्नड येथें मिळून दोन जिनें. १९०१ सालीं जिल्ह्यांतल्या जिन-प्रेसांवर एक हजार सोळा माणसें होतीं, अशी जुन्या गॅझेटियरमध्यें नोंद आहे. जालना तेव्हां याच जिल्ह्यांत होतें. तें निराळें झालें १९८१ सालीं.

आतां जरा हिशेब करा. सोळा कारखाने, एक हजार सोळा माणसें. सरासरी एकेका ठिकाणीं त्रेसष्ट-चौसष्ट. १८८१ चा कायदा कोणाला लागू? जेथें शंभर किंवा अधिक माणसें, आणि जेथें वर्षांतून चार महिन्यांपेक्षां जास्त काम चालतें, त्याला. जिन चालतो कापसाच्या हंगामापुरता. म्हणजे हीं जिनें इंग्रजी मुलखांत असतीं तरी त्या कायद्याच्या चाळणींतून सरकीसारखीं खालीं गळलीं असतीं. १८९१ सालीं शंभराचे पन्नास केले, तरी हंगामाची पळवाट राहिली. ती बंद झाली १९११ च्या कायद्यानें. आणि आमचा मुलूख तर निजामाचा. कलकत्त्याचा कायदा येथें चालतच नसे. हैदराबाद संस्थानांत कारखान्यांचा कायदा झाला तो फसली सन १३३७ मध्यें, म्हणजे १९२८ सालीं. गिरणी आली १८८९ ला आणि कायदा १९२८ ला. मधलीं एकोणचाळीस वर्षें म्हणजे पोर बाप होऊन त्याचें पोर कामावर येण्याइतका काळ.

या जिनांत काय घडत असेल हें जाणण्यासाठीं लांब जावयास नको. कन्नडचा घाट उतरला कीं खानदेश. तेथल्या जिनांविषयीं १८८४-८५ च्या कमिशनापुढें साक्ष झाली. जिन चालविणाऱ्या माणसानेंच सांगितलें कीं, मार्च-एप्रिलांत काम पेटलें म्हणजे तींच माणसें, बहुतेक बाया, दिवसरात्र सलग कामावर ठेवतात. असें आठ दिवस चालतें, त्यापुढें चालणें शक्य नसतें. आणि अशा कामानें माणसें वरचेवर मरतात. हें मजुराचें रडगाणें नव्हे, ही मालकाच्या बाजूची साक्ष आहे. आई आठ दिवस-रात्र जिनावर, तर तिचें लेंकरूं कोठें? तिच्या पायांशीं, कापसाच्या ढिगांत.

जुना जिन ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. लांबच लांब पडवी, तींत जिनांची रांग. खालून इमारतीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक लोखंडी दांडा गरगर फिरतो, आणि त्यावरून पट्टे वर येऊन एकेक जिन फिरवितात. बाई जिनामागें बसून ओंजळीनें कपाशी घालते. रुळ रुई ओढतो, सरकी खालीं पडते. ती सरकी ओढून काढणें, कपाशी वाहून आणणें, पालापाचोळा वेंचणें, दांड्याच्या आसपास सांचलेली रुई झाडणें, हें पोरांचें काम. पदर, केंस, सदऱ्याची बाही, जें दांड्याला लागेल तें दांडा गुंडाळून घेतो. त्याला माणूस आणि चिंधी यांतला भेद कळत नाहीं. कुंपण म्हणून दोन फळ्या ठोकल्या असत्या तर पुरे होतें. पण फळ्यांना पैसा पडतो, आणि पोराला त्याहून कमी.

धूळ तर विचारूंच नका. हवेंत तंतू असे तरंगतात कीं समोरचा दिवा धुक्यांतला वाटतो. डॉक्टर लोकांनीं या धुळीच्या विकाराला बिसिनोसिस असें नांव दिलें आहे. त्याची एक चमत्कारिक खूण आहे: सुट्टीनंतर मजूर पहिल्या दिवशीं कामावर आला कीं त्याची छाती आवळते, मग हळूहळू सुट्टी असो-नसो, ती आवळलेलीच राहते. लहानपणीं ही धूळ ओढली तर पुढें किती वर्षें ओढावी लागणार, तें पाहा. आणि आगीची भीति निराळी. कपाशींत एखादा खडा किंवा खिळा आला, ठिणगी उडाली, कीं रुईचा ढीग पेटावयास वेळ लागत नाहीं.

माझ्या आजीच्या उजव्या हाताला तीनच बोटें होतीं. १९४२ च्या सुमारास ती दहा वर्षांची असतांना जालन्याच्या एका जिनांत आईबरोबर जाई. आई कपाशी घाली, ही सरकी ओढून टोपल्यांत भरी. एके रात्रीं डुलकी लागली आणि हात दांत्यांच्या चाकांत गेला. मुकादमानें चिंधी बांधली, दोन रुपये दिले आणि उद्यांपासून येऊं नको म्हणून सांगितलें. तिच्या आईनें मात्र ती पाळी पुरी केली, कारण अर्ध्यांतून उठलें तर सबंध पाळीची मजुरी बुडे. हें सांगतांना आजी कधीं रडली नाहीं. तिला वाईट वाटे तें दुसऱ्याच गोष्टीचें. तिच्या जोडीची एक पोर त्या वर्षीं शाळेंत जाऊं लागली होती, आणि हीहि जाणार होती. पण बोटें गेल्यावर लेखणी कशानें धरणार, म्हणून तिला कोणी पाठविलेंच नाहीं.

ध्यानांत घ्या, तेव्हां कायदा होऊन चौदा वर्षें झालीं होतीं. आजी सांगे, तपासणीचा साहेब यावयाचा असला कीं मुकादमाला आधींच कळे. मग सगळीं पोरें गासड्यांच्या मागें नेऊन बसवीत आणि आवाज काढलात तर याद राखा म्हणून दम देत. तिला तो हंगामांतला सर्वांत चांगला दिवस वाटे, कारण तेवढा वेळ झोंपावयास मिळे. कायद्याचा आमच्या घराला झालेला हा एवढाच उपयोग.

बरें, साहेबानें पोर पाहिलेंच तर त्याचें वय ठरविणार कसें? आमच्याकडे जन्माची नोंद कोठली? “मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली” हीच नोंद. मग डॉक्टर मुलाचे दांत बघून वयाचा दाखला देई. बाजारांत बैल घेतांना आपण जें करतों तेंच. बैलाचा दांत पाहून निदान त्याला शेतावर नेतात आणि वैरण घालतात. इकडे दाखल्यावर तास लिहिले असत, आणि तेहि चुकविण्याची युक्ति लोकांनीं काढली: एकाच मुलाचे दोन नांवांनीं दोन दाखले. सकाळीं एका गिरणींत, दुपारनंतर दुसऱ्या गिरणींत. अहमदाबादेस हा प्रकार इतका बोकाळला होता कीं, सरकारी चौकश्यांत तो वारंवार आला आहे.

हें दोन दाखल्यांचें काम कोण करी? येथें मला आपल्याच लोकांना बोलावयाचें आहे, राग मानूं नका. मालक शेठ खरा. पण मालक पोराला ओळखतहि नसे. पोराला कामावर आणी मुकादम. दस्तुरी घेई मुकादम. गासड्यांमागें लपवी मुकादम. आणि मुकादम भट नव्हता. तो आपल्या भावकींतला, आपल्या पंक्तीला जेवणारा, लग्नांत मान घेणारा. आपण भटाच्या जात्यांत भरडलों हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं, त्या जात्याचा खुंटा कित्येकदां आपल्याच माणसाच्या हातीं होता. सत्यशोधक म्हणवावयाचें तर सत्य घरापासून शोधावें लागतें.

आणि बाप? बापाला दोष देणें सोपें आहे. ज्याचें पोट हातावर, तो पोराचे चार आणे सोडील कसा, असें विचारतात. मी दुसरा प्रश्न विचारतों. बापाची मजुरी इतकी थोडी कां? कारण मालकाला ठाऊक आहे कीं, याच्या घरांत चार हात आणखी आहेत. चौघांच्या मजुरीवर घर चालतें असें ठरलें कीं, एकाला पोटापुरतें देण्याचें कारणच उरत नाहीं. मूल घरांत चार आणे आणतें आणि बापाच्या मजुरींतून आठ आणे घालवितें. पण हें एकट्या बापाला कळून उपयोग नाहीं. एकट्यानें पोर घरीं ठेवलें तर त्याचे चार आणे जातात आणि मजुरी वाढत नाहीं. सगळ्यांनीं एकदम ठेवलें तरच वाढते. म्हणून सक्ति लागते. जोतीरावांनीं ‘सक्तीचें’ हा शब्द उगाच घातला नव्हता.

त्यांचें म्हणणें एका राजानें ऐकलें. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. त्यापूर्वीं बडोद्यास सयाजीरावांनीं केलेंच होतें. आमच्या निजामाच्या मुलखांत मात्र मराठी पोराला शाळा मिळाली तरी ती परक्या भाषेंत. मग जिन काय वाईट, असें लोकांना वाटलें तर नवल नाहीं.

इंग्रजी मुलखांत कायदे एकामागून एक झाले. १८९१ ला नऊ वर्षें ही किमान मर्यादा आणि मुलांना सात तास. १९२२ ला बारा वर्षें आणि सहा तास. १९३४ ला पांच तास. स्वराज्य आल्यावर १९४८ च्या कायद्यानें चौदा वर्षें. सातापासून चौदापर्यंत यावयास सदुसष्ट वर्षें लागलीं. वर्षामागें एक महिना आणि कांहीं दिवस, या वेगानें सरकारची दया वाढली! दर वेळीं पोर गिरणींतून काढलें, पण त्याच्यासाठीं शाळा काढली नाहीं. मग तें गेलें कोठें? जेथें कायदा नव्हता तेथें: विडीच्या कोठींत, गालिच्याच्या मागावर, हॉटेलांत कपबशा धुवावयास. १९२९ सालीं बसलेल्या व्हिटले कमिशनाला विडीच्या कारखान्यांत पांच-पांच वर्षांचीं मुलें सांपडलीं, आणि उचल घेऊन मूल गहाण टाकण्याची चालहि सांपडली. त्यावर १९३३ सालीं मुलांची मजुरी गहाण टाकण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. माणसाचें मूल गहाण टाकूं नये, हें सांगण्यासाठीं कायदा!

१९५० च्या २६ जानेवारीला राज्यघटना अमलांत आली. तिच्या चोविसाव्या कलमानें चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यांत, खाणींत वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली. ती घटना ज्या समितीनें लिहिली तिचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर, आणि त्याच वर्षीं त्यांच्या संस्थेनें या आपल्या गांवांत कॉलेज उघडलें, तें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवाजलें. मनाई आणि शाळा हीं दोन्ही एकाच माणसानें एकाच वर्षीं हातीं घेतलीं. १८८१ ला जें तोडलें होतें तें त्यानें जोडलें. पण शाळा हा मुलाचा हक्क म्हणून घटनेंत यावयास २००२ साल लागलें, आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जोतीरावांच्या निवेदनाला तेव्हां एकशें सत्तावीस वर्षें होऊन गेलीं होतीं. आणि त्यानंतरच्या वर्षींच्या शिरगणतींत पांच ते चौदा वर्षांचीं काम करणारीं मुलें देशांत एक कोटीहून अधिक निघालीं.

आतां २०१६ च्या दुरुस्तीविषयीं दोन शब्द. तिनें चौदा वर्षांखालील मुलाला सगळ्याच धंद्यांत मनाई केली, हें उत्तम झालें. पण एक खिडकी उघडी ठेवली: शाळा सुटल्यावर वा सुट्टींत मूल घरच्या धंद्यांत हातभार लावूं शकेल, धंदा धोक्याचा नसला म्हणजे झालें. ऐकावयास गोड आहे. बापाबरोबर मूल शिकतें, यांत वाईट काय? आपल्या शहराचा हिमरू जगांत नांवाजला. त्याच्या जुन्या मागावर विणकर खालीं बसे आणि नक्षीच्या दोऱ्या ओढावयास वर एक पोर बसे. तोहि घरचाच धंदा, तेंहि घरचेंच पोर. राजेरजवाड्यांच्या अंगावर जें फूल उमललें त्याच्या दोऱ्या त्या पोरानें दिवसभर ओढल्या, आणि त्याला कोणी विणकरहि म्हटलें नाहीं. घर हें मायेचें ठिकाण खरें. पण ठेका घेऊन घरीं काम आणलें म्हणजे घराचाच कारखाना होतो, आणि तेथें तपासणीचा साहेबहि येत नाहीं.

त्याहून मोठी गोष्ट आपल्या दारांत आहे. दसरा झाला कीं आपल्या मराठवाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब. उचल मुकादमाकडून घेतलेली. पोराचें नांव कोणत्याच कागदावर नाहीं, पण मोळ्या वाहावयास, वाढें गोळा करावयास, धाकट्याला सांभाळावयास तें आहेच. पहांटेच्या थंडींत ट्रकवर झोंपलेलें, पाचटावर खेळणारें. शाळेच्या पटावर तें हजर असतें आणि फडांत तें खरें असतें. जुन्या काळीं एका मुलाचे दोन दाखले असत. आतां एक दाखला शाळेंत ठेवून मूल दोनशें मैलांवर जातें. सरकारनें हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. तिचा फायदा घेण्यासाठीं गांवांतून वेळेवर यादी जावी लागते, आणि यादी करणारें कोणी नसतें. टोळी निघून गेल्यावर गुरुजी मोजावयास येतात.

म्हणून दारापाशीं टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या वस्तींतून यंदा कोणत्या घरची माणसें उसाला जाणार, त्यांचीं मुलें किती, वय काय, इयत्ता कोणती, आणि मागें राहून सांभाळणारी आजी-मावशी घरांत आहे कीं नाहीं, एवढें त्यांत लिहावयाचें आहे. मुकादमाचें नांव लिहावयाची गरज नाहीं. तो सभेंत बसला असला तरी त्यानेंहि आपल्या टोळींतलीं मुलें सांगावींत. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं नुसतें तोंडानें सांगावें. आमच्या वस्तींतली एक मुलगी लिहून घेण्यास बसली आहे, ती सातवींत आहे, अक्षर चांगलें आहे. यादी दसऱ्याच्या आंत पंचायतीकडे आणि शाळेकडे गेली पाहिजे, म्हणून आज रात्रींच जेवढीं नांवें होतील तेवढीं करूं. चिठ्ठी पाठविणाऱ्याची क्षमा मागतों आणि बसतों.